कंपनी फिटिंग

त्याला सगळे गुपचूप म्हणत. हे नाव स्वभावावरून पडलं असावं असा कुणाचा समज झालाच तर तो पाच मिनिटांत दूर व्हायचा, कारण माणूस अखंड बडबड्या होता आणि वायरिंगचा विषय निघाला की समोरच्याला जांभई लपवायला एक हात पुरत नसे. नाव पडलं होतं ते कामावरून. गाड्यांमध्ये गाणं बसवून देणारे त्या रस्त्यावर आणखी चौघे होते. ते असं काही बसवायचे की दार उघडल्याबरोबर निळे-जांभळे दिवे लुकलुकले पाहिजेत आणि शेजाऱ्याच्या पोटात दुखलं पाहिजे. गुपचूपचं सगळं उलटं. तो बसवायचा आणि लपवायचा. त्याच्या हाताखालून गेलेल्या गाडीत बसून कुणी इकडेतिकडे मान फिरवत विचारलं, "अरे, आवाज येतोय कुठून?" की त्याचा दिवस साजरा व्हायचा. "कंपनी फिटिंग आहे," असं तो चेहऱ्यावरची रेघ न हलवता सांगायचा. गाडी कारखान्यातून जशी बाहेर पडली तशीच दिसली पाहिजे, एक स्क्रू जास्त नको, एक भोक जास्त नको, हे त्याचं व्रत होतं.

त्याला दुसरं वेड होतं शांततेचं. गाडीतली खडखड त्याला दाढदुखीसारखी छळायची. स्पीकर बसवण्याआधी तो दाराचं आतलं पॅड काढायचा, पत्र्याला काळी चिकट शीट लावायचा, ती हाताच्या तळव्यानं इंच इंच दाबून बसवायचा, आणि मग दार मिटलं की नुसतं धप्प व्हायचं, उशी पडल्यासारखं. दारांच्या पोटात त्याला काय काय सापडायचं. केसांच्या पिना, पेन्सिलींचे तुकडे, एका पायाची बाहुली, एकदा तर कागदात गुंडाळलेला दुधाचा दात. हे सगळं तो एका पत्र्याच्या डब्यात टाकून ठेवी. एवढ्या वर्षांत यातलं काही परत मागायला कुणी आलं नव्हतं. फेकून का देत नाहीस, असं शेजारच्या गाळ्यात सीटकव्हरं शिवणारी मावशी विचारायची, त्यावर हा बडबड्या माणूस डब्याचं झाकण लावून वायरिंगकडे वळायचा.

त्या बुधवारी सकाळी एक जुनी पिकअप त्याच्या दारात येऊन उभी राहिली. हौद्यात रोपं होती, गुलाब, लिंबू, डाळिंब, सगळी काळ्या पिशव्यांत खांद्याला खांदा लावून. चालवणारी बाई उतरली. चाळिशीची, हाताला माती, डोळ्यांत झोप नाही. तिची रोपवाटिका होती आणि ती दिवसभर घरोघर, दुकानोदुकानी रोपं पोचवायची.

"दादा, गाणं बसवायचंय," ती म्हणाली. "पण बसवलंय हे कळता कामा नये."

"बरोबर जागी आलात, ताई. चोरांची भीती आहे का?"

"चोरांची नाही. बाबांची."

गुपचूपनं केबिनमध्ये डोकावून पाहिलं. पलीकडच्या सीटवर एक म्हातारबाबा बसले होते, दोन्ही हात मांडीवर, धुतलेला शर्ट, नजर समोरच्या काचेच्याही पलीकडे कुठेतरी. इस्पितळाच्या बाकावर माणसं बसतात तसे नव्हेत. स्वतःच्या ओट्यावर बसावं तसे बसले होते.

रोपवालीनं त्याला चार पावलं बाजूला नेलं आणि आवाज खाली आणला.

"बाबांच्या लक्षात आता माणसं राहत नाहीत. मीही नाही. मला ते बाई म्हणतात. 'बाई, गाडी छान चालवता हो तुम्ही.' असं म्हणतात." ती हसायला गेली आणि ते जमलं नाही. "पण गाडी लक्षात आहे. पस्तीस वर्षं त्यांनीच चालवली ना. घरात एकटं ठेवता येत नाही, म्हणून रोज सोबत घेऊन फिरते. दुपार झाली की त्यांना घरी जायचं असतं. कुठल्या घरी, देव जाणे. मग ते रेडिओचं बटण फिरवायचे, गाणं लागायचं, आणि शांत व्हायचे. महिन्यापूर्वी रेडिओ मेला. आता बटण फिरवतात, काही लागत नाही. परत फिरवतात. मग दार उघडायला जातात. चालत्या गाडीचं."

"कुलूप घालून बघितलं?"

"घातलं. दारावर मुठी मारत बसले. हात सुजले."

मग तिनं पुढचं सांगितलं. याच रस्त्यावरच्या दुसऱ्या एका फिटिंगवाल्याकडून नवा स्टिरिओ बसवून घेतला होता. बाबांनी ते निळे दिवे पाहिले, म्हणाले, बाई, ही आमची गाडी नाही, तुम्ही मला चुकीच्या गाडीत बसवलंय, आणि सिग्नलला उतरून गाड्यांच्या गर्दीतून चालायला लागले. ते भावाला कळलं. भावानं एक वृद्धाश्रम बघून ठेवला होता. तिथली जागा सोमवारपर्यंत राखून ठेवणार होते.

"भावाचंही चुकत नाही," ती म्हणाली. "चाकाखाली आले असते तर? त्याला रात्रीची झोप नाही, मलाही नाही. पण दादा, मला ते शेजारी हवेत. बाई म्हणू देत नाहीतर आणखी काही. शेजारी हवेत. म्हणून जुना रेडिओच परत बसवून आणलाय, मेलेला. तुम्ही त्याच्यात जीव घाला. त्यांना पत्ता लागू द्यायचा नाही."

गुपचूपनं मान हलवली. आयुष्यभर त्यानं चोरांपासून, सासऱ्यांपासून, कटकट्या भावांपासून वस्तू लपवल्या होत्या. एखाद्याची आठवण बिघडू नये म्हणून लपवायचं काम पहिल्यांदाच आलं होतं.

तिनं गाडी शेडमध्ये घेतली. गुपचूप मुद्दाम मधल्या जागेत बसला, गाडी कशी बोलते ते ऐकायला. आत मातीचा आणि सुकलेल्या पानांचा वास होता. तिनं ब्रेक दाबला आणि म्हातारबाबांच्या दाराच्या पोटात काहीतरी घरंगळत पुढे गेलं. टक्. गुपचूपच्या कपाळाला आठी पडली.

"काढू, काढू," म्हातारबाबा स्वतःशीच पुटपुटले. "वेळ मिळाला की काढू."

"काय काढायचंय त्यांना?" गुपचूपनं खाली उतरल्यावर विचारलं.

"फोटो असेल. सगळ्यांचा एकत्र फोटो काढा म्हणून आई मागे लागायची. राहून गेलं. दिवसभर चालू असतं त्यांचं, मला आता ऐकूही येत नाही."

"आणि त्या दारात काहीतरी सुटलंय. तेही बघतो."

"बघा," ती म्हणाली. तो आवाजही तिला ऐकू येत नसावा. भावाची छोटी गाडी तिनं तीन दिवसांसाठी मागून घेतली होती. बाबांना तिच्यात बसवताना तिच्या नाकी नऊ आले.

ते तीन दिवस गुपचूप अर्धा जागा आणि अर्धा कुठे होता ते त्यालाच सांगता येणार नाही. काम असं होतं की हात आपोआप चालायचे आणि मन कुठेही जायला मोकळं. आधी त्यानं रेडिओ बाहेर काढला. दोन गोल बटणं, त्यांच्यामध्ये काचेची पट्टी, पट्टीत आकडे आणि एक लाल काटा. आतलं सगळं काढून त्या खोक्यात त्यानं नवं, तळहाताएवढं यंत्र बसवलं, पण बटणं जुनी, काच जुनी, पट्टीमागचा पिवळा मिणमिणता दिवासुद्धा जुनाच. डाव्या बटणाला पूर्वीसारखंच खट् होईल असं केलं. उजवं फिरवलं की काटा सरकेल आणि गाणं बदलेल. दोन स्टेशनांच्या मध्ये जुने रेडिओ खरखरायचे, ती खरखर नसेल तर म्हातारा ओळखेल, म्हणून मावशीचा जुना रेडिओ आणून त्याची खरखर त्यानं टिपून घेतली आणि गाण्यांच्या मधोमध पेरली.

"लोक खरखर घालवायला येतात, तू मागून नेतोयस," मावशी म्हणाली. तिची जीभ तिच्या सुईहून लांब होती.

"खरखर खरी पाहिजे, मावशी. गाणं काय, कुठलंही चालतं."

"हे तुझ्या पाटीवर लिही. गिऱ्हाईक धावत येईल."

अॅम्प्लिफायर सीटखाली गेला, वूफर सीटच्या पाठीमागे जॅक ठेवायच्या कोनाड्यात. नव्या वायरी त्यानं जुन्या वायरींच्या जुडग्यातून नेल्या आणि वरून जुनीच कापडी पट्टी गुंडाळली. सीट उघडावी लागली होती. ती मावशीनं परत शिवली, तीही जुन्या भोकांतूनच सुई घालून, जुन्या रंगाचा दोरा हुडकून. तोंडानं टोमणे चालू होते, पण टाका एकही नवा पडला नाही.

दुपारी शेडच्या पत्र्यातल्या भोकांतून कवडसे आत यायचे आणि डॅशबोर्डवरून हळूहळू चालत जायचे. एक कवडसा सीटवर चढायचा, म्हातारबाबांच्या जागेवर जरा वेळ बसायचा आणि मग दारातून उतरून जायचा. गुपचूप हातात टेस्टर घेऊन ते बघत राही. त्या केबिनमध्ये वेळ नीट चालत नव्हता. कधी वाटायचं आत्ताच बसलोय, कधी वाटायचं आपणच ही गाडी पस्तीस वर्षं चालवतोय आणि मागे रोपं वाढून झाडं झालीत. गुरुवारी त्याचा तिथेच डोळा लागला. स्वप्नात पिकअप रोपांच्या रांगांमधून चालली होती. चालवणारं कुणी नव्हतं. पानं काचेला घासून जात होती, दोन्ही बाजूंना कुणीतरी झारीनं पाणी घालत होतं, आणि थेंबांचा आवाज न होता नुसता ओला वास येत होता. सगळं कसं निवांत. फक्त मधूनच एक टक्. पुन्हा टक्. स्वप्नातसुद्धा त्याला ते खपलं नाही.

जागा झाला तो थेट म्हातारबाबांच्या दारापाशी गेला. पॅड काढलं, दाराच्या तळाशी हात घातला, तर हाताला काचेची गोटी लागली. हिरवी, आत एक दुधी रेघ. "तू होय गं," असं म्हणून त्यानं ती डब्यात टाकली आणि दारात वरपासून खालपर्यंत शीट लावली, तळाच्या पन्हाळीतसुद्धा. दोन्ही दारं अशी जमली की मावशीनंही चार वेळा उघडमीट करून पाहिली आणि टोमणा मारायची राहून गेली.

शनिवारी दुपारी रोपवाली बाबांना घेऊन आली. गुपचूप असा उभा होता की जणू परीक्षेचा निकाल लागणार आहे. म्हातारबाबा गाडीजवळ आले, थांबले, हात लांब करून दाराच्या जाळीवरून बोटं फिरवली. जाळी जुनीच होती. आत बसले, सीटवर जरा पुढेमागे झाले. मग डावं बटण. खट्. पिवळा दिवा लागला, थोडी खरखर झाली, आणि त्या खरखरीतून एक जुनं गाणं वर आलं, कुठून येतंय ते कळू नये असं, जणू केबिनमधल्या हवेलाच आठवलं असावं. म्हातारबाबांचे खांदे खाली आले. त्यांनी उजवं बटण जरा फिरवलं, काटा सरकला, खरखर, दुसरं गाणं. ते हसले. पदर नव्हता म्हणून रोपवालीनं तोंडावर ओढणीच दाबली. गुपचूपचा जीव भांड्यात पडला, आणि खरं सांगायचं तर छातीही जरा फुगली.

"चला, एक चक्कर मारून येऊ," तो म्हणाला आणि दोघांच्या मध्ये जाऊन बसला.

पहिल्या सिग्नलला तिनं ब्रेक दाबला. गाडी थांबली. म्हातारबाबांनी मान थोडी दाराकडे झुकवली आणि तशीच धरली. गाणं चालू होतं. सिग्नल सुटला, गाडी निघाली, पुन्हा मान झुकली. काहीतरी येणार आहे आणि ते अजून आलं नाही, अशी ती मान होती. दुसऱ्या सिग्नलला त्यांनी गाणं बंद केलं. खट्. 

"बाई," ते अगदी सौम्यपणे म्हणाले, "ही आमची गाडी नाही."

"बाबा, हा बघा ना, रेडिओ तुमचाच आहे."

"रेडिओ आमचा आहे. गाडी नाही. रिकामी आहे ही. मला उतरू द्या."

आणि त्यांनी दार उघडलं. गुपचूपनं दंड धरला म्हणून बरं, नाहीतर पलीकडून बस येत होती. शेवटी तो त्यांच्यासोबत पायी चालत परत आला, हाताला धरून, आणि मागून ती पिकअप रांगत आली. चालताना म्हातारबाबांचं काही म्हणणं नव्हतं. फक्त दर दहा पावलांनी ते विचारायचे, "आमची गाडी कुठे लावलीय हो?"

मावशीनं त्यांना आपल्या स्टुलावर बसवलं आणि हातात कापडाची एक मऊ चिंधी दिली. ती चोळत ते बसून राहिले. रोपवाली शेडच्या पायरीवर बसली आणि रडायला लागली, आवाज न करता, गुडघ्यांत तोंड घालून. मग डोळे पुसून तिनं फोन काढला.

"भावाला कळवते. सोमवारी घेऊन येते म्हणून."

"दहा मिनिटं थांबा," गुपचूप म्हणाला.

"काय होणारे दहा मिनिटांत? तुम्ही तुमच्याकडून सगळं केलंत, दादा. इतकं हुबेहूब केलंत."

या हुबेहूबनं त्याच्या काळजात चर्र झालं. हुबेहूब केलं असतं तर म्हातारा उतरला नसता. लाज आणि राग दोन्ही एकदम आले, आणि राग कुणावर काढावा ते कळेना, तेव्हा तो जाऊन पिकअपमध्ये म्हातारबाबांच्या जागेवर बसला, दार ओढून घेतलं आणि डोळे मिटले. धप्प. बाहेरचा रस्ता नाहीसा झाला. त्यानं डोळ्यांना दिसेल असं काहीही बदललं नव्हतं, हे तो शपथेवर सांगू शकला असता. मग काय राहिलं? काहीच ऐकू येत नव्हतं. काहीच. असं काम त्यानं आजवर केलं नव्हतं, इतकं काहीच ऐकू येत नव्हतं. रिकामी आहे ही, असं म्हातारबाबा म्हणाले होते.

तो काच खाली करून ओरडला, "ताई! ते 'काढू, काढू' कधी म्हणतात?"

"सारखंच म्हणतात."

"सारखं नाही. कधी? डोळे मिटा. गाडी चालवताय असं समजा आणि सांगा."

तिला वाटलं असणार की याचंही डोकं फिरलं. पण तिनं डोळे मिटले. पायरीवर बसल्या बसल्या तिचा उजवा पाय हलला. "सिग्नलला," ती सावकाश म्हणाली. "ब्रेक दाबला की. आणि मग... निघालो की." तिनं डोळे उघडले. "आज म्हणाले नाहीत. एकदाही नाही."

गुपचूप गाडीतून उतरला तो डब्याकडे धावला. मावशीच्या कापडावर त्यानं डबा उपडा केला. पिना, पेन्सिली, एका पायाची बाहुली, दुधाचा दात, आणि गोट्या निघाल्या तीन. मुलं सगळीकडची सारखीच. दाराच्या काचेच्या फटीत गोटी टाकायचा मोह कुणाला होत नाही? त्यातली कुठली ते त्याला ठाऊक होतं, पण तो बोलला नाही. रोपवाली वाकली. तिचा हात दोन गोट्यांवरून गेला आणि तिसरीवर थांबला.

"ही माझी," ती म्हणाली, आणि तिचा आवाज एकदम लहान झाला. "मी सहा वर्षांची होते. काचेच्या फटीत टाकली, कुठे जाते बघायला. आणि मग रडून गोंधळ घातला. बाबा म्हणाले, वेळ मिळाला की काढू. नंतर गाडीत बसले की, ती वाजली की, मी विचारायचे, कधी? आणि ते म्हणायचे..."

पुढचं सगळ्यांनाच माहीत होतं. मावशी खाली बघून उगाच पिना गोळा करायला लागली.

मुलीला विसरून गेलेला माणूस मुलीला दिलेला शब्द मात्र दर सिग्नलला देत होता. ज्या प्रश्नाचं उत्तर तो देत होता तो प्रश्न विचारायचं तीच किती वर्षांपूर्वी विसरून गेली होती. आणि हा शहाणा कारागीर त्या दाराच्या पोटातून एवढीच एक खरीखुरी कंपनी फिटिंग काढून डब्यात टाकून मोकळा झाला होता.

गुपचूपनं बाह्या वर केल्या. पॅड उतरवलं आणि दाराच्या तळातली शीट खरवडायला घेतली. ती निघता निघेना. निघणार कशी? निघू नये म्हणूनच तर लावली होती. नखांत काळं गेलं, एक बोट कापलं.

"जन्मभर खडखड काढत आलास," मावशी म्हणाली, पण या खेपेला आवाजात धार नव्हती, "आता घालतोयस होय रे?"

"अजून थोडी. आवाज लागत नाहीये."

गोटी टाकून त्यानं दार हलवून पाहिलं. थप्प. नाही. आणखी खरवडलं. ठप. नाही. बुधवारी एकदाच ऐकलेला तो आवाज त्याच्या कानात होता, आणि कान त्याला फसवत नसत. शेवटी तळाचा पत्रा पुढून मागेपर्यंत उघडा झाला, पुढच्या चाकाकडच्या कोपऱ्यातला चिकटा त्यानं पेट्रोलच्या बोळ्यानं पुसून काढला आणि दार हलवलं. टक्. तोच. तिकडे स्टुलावर म्हातारबाबांचा चिंधी चोळणारा हात थांबला. बस तेवढंच. पण ते सगळ्यांनी पाहिलं.

गुपचूपनं गोटी पुन्हा बाहेर काढली, पॅड बसवलं, काच खाली केली आणि गोटी रोपवालीच्या हातावर ठेवली. "तुम्हीच टाका. तिथूनच."

तिनं ती फटीत धरली, क्षणभर थांबली आणि सोडून दिली.

संध्याकाळचं ऊन तिरपं झालं होतं. तिघं पुन्हा निघाली, गुपचूप मध्ये, म्हातारबाबा दारापाशी. त्यांना बसवायला कुणाला आग्रह करावा लागला नाही. त्यांनी नुसती जाळीवरून बोटं फिरवली आणि बसले. खट्. पिवळा दिवा, खरखर, गाणं. रस्त्याकडेच्या झाडांच्या सावल्या काचेवरून आत येत आणि मांड्यांवरून निघून जात. पहिला सिग्नल आला. रोपवालीनं ब्रेक दाबला, नेहमीपेक्षा जरा जोरानंच. दाराच्या पोटात काहीतरी घरंगळत पुढे गेलं.

टक्.

"काढू, काढू," म्हातारबाबा म्हणाले. "वेळ मिळाला की काढू." आणि पाठ टेकून त्यांनी समोर बघायला सुरुवात केली, घरच्या ओट्यावरून बघावं तसं.

सिग्नल सुटला तरी गाडी हलेना. मागून हॉर्न वाजायला लागले. तिनं मनगटानं डोळे पुसले, गिअर टाकला, आणि गाडी निघाली. टक्, गोटी मागे गेली.

"दादा, माझ्या फोनवरून भावाला लावाल? माझे हात स्टिअरिंगवर आहेत."

"काय सांगू?"

"सांगा, सोमवारी रोपं पोचवायची आहेत. मी आणि बाबा जाणार आहोत. जागा दुसऱ्या कुणाला देऊन टाका म्हणावं."

गुपचूपनं सांगितलं. पलीकडून भावानं एवढंच विचारलं, "शांत आहेत का ते?" गुपचूप म्हणाला, "गाणं ऐकतायत," आणि फोन गाण्याच्या दिशेनं धरला. मग त्याच्या लक्षात आलं की दिशा अशी काही नाही, आवाज सगळीकडूनच येतोय. अशा वेळीही त्याला त्याचं बरं वाटलं. माणूस आहे.

दुसरा सिग्नल लांबूनच लाल दिसत होता. रोपवालीनं वेग हळूहळू कमी केला. गोटी सावकाश निघाली, सगळ्या दाराची लांबी चालत गेली, आणि टक् झालं. म्हातारबाबांनी तोंड उघडलं, पण त्यांच्या आधी तीच बोलली. समोर बघत, बारीक आवाजात, हट्टानं.

"कधी?"

म्हातारबाबा थांबले. गाणं चालू होतं. त्यांनी मान दाराकडून वळवली, हळूहळू वळवली, आवाज आला त्या बाजूला, आणि त्यांच्या नजरेला मध्ये गुपचूपचं पोट आणि खांदा लागला.

"अहो," ते त्याला म्हणाले, "जरा मागे सरा की. माझी मुलगी दिसत नाही मला."

गुपचूपनं पोट आत ओढलं, मावशीनं जुन्या दोऱ्यानं शिवलेल्या त्या सीटमध्ये पाठ जेवढी रुतेल तेवढी रुतवली, आणि सिग्नल सुटेपर्यंत श्वास रोखून बसून राहिला.